इमारत उभी, इस्पितळ बंद

आज आपण कॅलिफोर्नियातल्या एका इस्पितळाकडे पाहू. एकाच जागेवर ते दोनदा बांधलं गेलं आणि दोनदा भूकंपानंतर रिकामं करावं लागलं. दुसऱ्या वेळी मात्र ते पडलं नव्हतं. आपल्याला बोलायचंय ते त्याबद्दल.

९ फेब्रुवारी १९७१, सकाळचे सहा. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात ६.६ क्षमतेचा भूकंप झाला. माजी सैनिकांच्या इस्पितळाच्या १९२६ सालच्या इमारती कोसळल्या, चाळीसहून अधिक माणसं गेली. ते एक वेळ समजू शकतं. त्या इमारती भूकंपाच्या नियमांआधीच्या होत्या. पण सिल्मारच्या ऑलिव्ह व्ह्यू इस्पितळाचं काय? त्याची मुख्य इमारत उघडून वर्षही झालं नव्हतं. वरच्या मजल्यांना भक्कम भिंती, खाली मात्र नुसते खांब. त्यामुळे हादऱ्याची सगळी ओढाताण खांबांवर आली. जिन्यांच्या चार मनोऱ्यांपैकी तीन मुख्य इमारतीपासून सुटून आडवे झाले.

इथे एक बारीक गोष्ट आहे. काही खांबांत उभ्या सळ्यांभोवती सलग, स्प्रिंगसारखी सळई गुंडाळलेली होती. कोपऱ्यांच्या खांबांत सुट्या रिंगा होत्या. रिंगांचे खांब फुटले. गुंडाळलेल्या खांबांचं बाहेरचं काँक्रीट झडलं, आतलं मात्र आवळलेलं राहिलं आणि त्यांनी वजन पेललं. म्हणून इमारत वाकडी झाली, पण बसली नाही. तरीही तिथे दोन रुग्ण दगावले, कारण वीज गेली आणि त्यांना जगवणारी यंत्रं थांबली. आम्हांला वाटतं, पुढचा सगळा धडा या दोन मृत्यूंतच होता. तो तेव्हा अर्धाच वाचला गेला.

१९७३ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: नव्या इस्पितळाने नुसतं उभं न राहता भूकंपानंतर कामही करत राहावं. त्याच जागी सहा मजल्यांचं नवं ऑलिव्ह व्ह्यू बांधलं, खाली काँक्रीटच्या आणि वर पोलादी पत्र्यांच्या भिंती घालून. १९८७ मध्ये ते सुरू झालं. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात त्याच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून जास्त त्वरण नोंदलं गेलं. सांगाड्याला काही झालं नाही. पण आग विझवण्याच्या फवाऱ्यांचे आणि थंड पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी झालं, रुग्णांना हलवावं लागलं. वस्तूचं रूप वेगळं, तिचं कार्य वेगळं, हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. इथे तो फरक छतातून गळत होता. सांगाड्याचं गणित एकाकडे, नळ दुसऱ्याकडे, छत तिसऱ्याकडे, आणि भूकंप सगळ्यांना एकदम हलवतो!

त्याच दिवशी शहरातलं दुसरं एक इस्पितळ, यूएससी विद्यापीठाचं, चालू राहिलं. ते १४९ रबरी आधारांवर बसवलेलं होतं. खाली जमीन सरकते, वरची इमारत सावकाश डोलते, नळांना आणि यंत्रांना झटका कमी बसतो. जवळच्या जमिनीवर ०.४९ जी त्वरण होतं, छतावर ०.२१. आपल्याकडे भूजचं इस्पितळ २००१ मध्ये कोसळल्यावर नवं बांधताना हीच पद्धत वापरली. ते २००४ मध्ये सुरू झालं.

कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये पुन्हा कायदा केला आणि या वेळी जुनी इस्पितळं, नळ, छतं, यंत्रं सगळं त्यात घेतलं. भूकंपानंतरही काम चालू ठेवता येईल इतकी तयारी करायला मुदत दिली २०३० ची. खर्च परवडत नाही म्हणून ती पुढे ढकलण्याची मागणी इस्पितळं करत आली आहेत.