विजयालक्ष्मीचा खटला आणि वृत्तपत्रे
नारायणगुड्यात सकाळी वृत्तपत्र उघडताच वासनेशी निगडित गुन्ह्यातील स्त्रीची बातमी ठळक दिसली, की आम्हांस १८८१ साल आठवते. सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या ब्राह्मण विधवेस अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती सौम्य करण्यात आली. 'पुणे वैभवा'ने मात्र त्या निमित्ताने सकल स्त्रियांच्या नीतीवर कोरडे ओढले. विधवेस मोहात पाडणारा पुरुष नामानिराळा कसा राहतो, असा जाब बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारला. गुन्हेगार स्त्रीस सवलत द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुरुषाचा गुन्हा त्याच्या एकट्याचा आणि स्त्रीचा मात्र साऱ्या स्त्रीजातीचा, हा न्याय कोणता? स. गं. मालशे ह्यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले. त्यातील जाबाचे उत्तर वृत्तपत्रांकडे अद्याप थकलेलेच आहे.