केबिनची दोन दारे

१९४० च्या मे-जूनमध्ये, फ्रान्समध्ये अडकलेल्या दोस्त सैन्याची सुटका चालू असताना, डंकर्कच्या किनाऱ्यासमोर ‘नायाड एरंट’ या बोटीचे इंजिन बंद पडले. सुकाणूवर सॅम्युअल पामर नावाचा ब्रिटिश नौदलाचा साधा खलाशी होता. बोट सैनिकांनी भरलेली होती, आणि ती वाहत भलतीकडे जाऊ नये म्हणून काहीतरी करणे भाग होते. वल्ही पुरेशी नव्हती. पामरने सैनिकांना केबिनची दोन्ही दारे फोडायला लावली आणि त्या फळ्यांची वल्ही करून बोट आवरून धरली. पुढे इंजिन चालू झाले आणि बोट परतली. ती युद्धासाठी बांधलेली नव्हती. टेम्स नदीकाठी हॅम्प्टन येथे थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने १९३९ साली बांधलेली ती सहलीची केबिन क्रूझर होती. सुट्टीच्या दिवशी चार-सहा माणसांनी नदीत किंवा किनाऱ्याच्या आसऱ्याने फिरावे, आत निजावे, चहा करून घ्यावा, एवढ्यासाठीच अशा बोटी बांधल्या जात. आता प्रश्न असा की, अशा बोटीचा जीर्णोद्धार करणाऱ्या सुताराने केबिनला दारे बसवायची की नाही? बसवली तर १९३९ ची बोट परत येते, पण जिच्यामुळे ती इतिहासात गेली ती खूण पुसली जाते. न बसवली, तर पावसाने आतले लाकूड कुजते. जुन्या लाकडी बोटींच्या जतनातला सगळा वाद या दोन दारांत सामावला आहे. माझे मत स्पष्ट आहे: दारे बसवावीत, मूळची कशी गेली याची नोंद बोटीच्या कागदपत्रांत ठेवावी, आणि बोट पाण्यात सोडावी. पाण्यावर चालती ठेवणे हेच अशा बोटीचे खरे जतन. ‘मूळ लाकूड’ कोरडे सांभाळणे हा त्याहून कमी दर्जाचा पर्याय आहे.

या बोटी डंकर्कला पोहोचल्या कशा, हे आधी नीट पाहायला हवे. १४ मे १९४० रोजी बीबीसीवरून एक सूचना वाचली गेली: ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या खासगी बोटींच्या मालकांनी १४ दिवसांत नौदलाकडे तपशील पाठवावा. तोवर डंकर्कच्या सुटकेचा बेत ठरलेलाही नव्हता. नौदलाला लहान बोटींची चणचण होती, एवढेच कारण. २६ मे रोजी ‘ऑपरेशन डायनॅमो’ ही सुटकेची मोहीम सुरू झाली तेव्हा ती यादी कामी आली. टेडिंग्टनच्या टफ ब्रदर्स या बोटबांधणी कारखान्याने टेम्सवरच्या शंभराहून अधिक बोटी गोळा केल्या. त्यांतून गाद्या, भांडीकुंडी, नको ते सामान उतरवले आणि बोटी खाली समुद्राकडे पाठवल्या. डंकर्कच्या पूर्वेचा किनारा इतका उथळ उतरत जातो की मोठी जहाजे वाळूच्या जवळ येऊच शकत नाहीत. कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यात रांगा लावून उभ्या असलेल्या सैनिकांना उचलून खोल पाण्यातल्या जहाजापर्यंत नेणे हे या लहान बोटींचे मुख्य काम होते. काही मात्र माणसे भरून थेट इंग्लंडला परतल्या. ‘टायटॅनिक’वरून बचावलेला अधिकारी चार्ल्स लाइटोलर आपल्या ‘सनडाउनर’मध्ये सुमारे १३० सैनिक घेऊन रॅम्सगेटला आला. ती बोट अवघी ५८ फुटांची आहे.

युद्ध संपल्यावर या बोटींचे जे झाले त्यात वीररस काहीच नाही. पुढच्या दोन दशकांत फायबरग्लासच्या साच्यातून बोटी निघू लागल्या. लाकडी बोटीला दरवर्षी लागणारा रंग, वार्निश आणि सुताराचे हात कोणाला परवडेनासे झाले. कित्येक क्रूझरांची इंजिने काढून त्यांची चिखलात रुतलेली राहती घरे झाली. कित्येक मालकांना आपल्या बोटीचा इतिहास माहीतही नव्हता. बीबीसीचे निवेदक रेमंड बॅक्स्टर यांना आपली ‘लोराज’ ही ३० फुटी बोट डंकर्कला जाऊन आली होती हे उशिरा कळले. त्यांनी शोधाशोध केली, आणि १९६५ साली, पंचविसाव्या वर्षी, ४३ बोटींचा ताफा पुन्हा डंकर्कला गेला. त्यातून डंकर्कच्या लहान नौकांची संघटना उभी राहिली. तिच्या सदस्य-बोटींना सेंट जॉर्जच्या क्रॉसवर डंकर्क शहराचे चिन्ह असलेला झेंडा लावण्याचा मान आहे. त्या बहुधा दर पाच वर्षांनी ताफा करून इंग्लिश खाडी ओलांडतात. माझ्या दृष्टीने इथे निर्णायक गोष्ट ही की त्या लोकांनी संग्रहालय काढून सुरुवात केली नाही. आधी बोट समुद्र पार करू शकेल इतकी धडधाकट करायची, मग बाकीचे. ही अट घातली गेल्यामुळेच बोटी वाचल्या.

कारण लाकडी बोट ही मुळात सारखी दुरुस्त होत राहण्यासाठीच बांधलेली वस्तू आहे. क्रूझरचा सांगाडा बहुधा ओक किंवा एल्मचा असतो. खाली कणा, ज्याला आपल्या कोकणात पठाण म्हणतात, आणि त्यातून वर निघणारे वाक, म्हणजे बरगड्या. त्यांवर महॉगनीच्या किंवा सागाच्या फळ्या कडेला कड लावून बसवतात आणि तांब्याच्या रिव्हेटांनी जखडतात. दोन फळ्यांमधल्या सांध्यात कापसाची वात ठासून भरतात आणि वरून लांबी घालतात. ही फळी काढता यावी, वाक शेजारी नवा वाक जोडून बळकट करता यावा, अशीच ही रचना आहे. पाण्यात फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप घट्ट बसतात. बोट कोरड्या जमिनीवर ठेवली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, आणि पाण्याचा सगळीकडून मिळणारा आधार जाऊन चार लाकडी ठोकळ्यांवर पोट टेकते. त्याने बोटीचा आकारच हळूहळू बिघडतो. दुसरे, समुद्राचे खारे पाणी लाकडाला कुजण्यापासून बरेच वाचवते. घात करते ते पावसाचे गोडे पाणी. ते डेकच्या सांध्यांतून झिरपून केबिनच्या भिंतीच्या मुळाशी, जिथे वारा लागत नाही तिथे, साचते. जाणकार सुतार सर्वांत आधी तिथेच चाकूचे टोक खुपसून बघतो. वर वार्निश चकाकत असते आणि आत लाकडाची पावभर माती झालेली असते. म्हणून ‘काहीच करू नये, जशी आहे तशी ठेवावी’ हा निरुपद्रवी मार्ग वाटतो, पण तसा तो नाही. न करणे म्हणजेसुद्धा बोट बदलू देणेच आहे, फक्त वाईट दिशेने. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे. त्याचे अवजड अंग आपल्याच भाराने खचत गेले आणि अलीकडे त्याखालच्या आधारांची सारी मांडणी नव्याने करावी लागली. जगातल्या सर्वांत काळजीपूर्वक सांभाळलेल्या लाकडी जहाजांपैकी एकाची ही गोष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुनाच आणि वजनदार आहे. फळ्या बदलल्या, वाक बदलले, इंजिन बदलले, मग ती बोट तीच राहिली का? मराठी वाचकाला या आक्षेपाची धार वेगळी जाणवेल. कोकणात जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव लाकडी सभामंडप उतरवून सिमेंटचे आणि गुळगुळीत फरशांचे सभागृह उभे राहिल्याचे दुःख आपल्याकडे ताजे आहे. तिथे देव तोच राहिला, पण सुताराची कारागिरी आणि वास्तूची जाण, दोन्ही गेली. पण याच देशात पुरीला काही वर्षांच्या अंतराने जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नव्या घडवतात, त्याला नवकलेवर म्हणतात, आणि ‘हा जुना जगन्नाथ नव्हे’ असे कोणी म्हणत नाही. फरक कुठे आहे? पुरीत लाकडाची निवड, घडणीची रीत, घडवणाऱ्यांची परंपरा अखंड चालत येते. सिमेंटच्या मंडपात ती रीतच तुटते. बोटीलाही हाच निकष लावावा. कुजलेली महॉगनीची फळी काढून तिच्याच मापाची, त्याच पद्धतीने रिव्हेट केलेली फळी बसवली तर बोट तीच. पण कुजके लाकूड आत ठेवून वरून फायबरग्लासचा थर चढवला तर ओल आत कोंडते, लाकूड अधिक वेगाने सडते आणि सुताराच्या हातचे कामही झाकले जाते. अशा झटपट उपायांना मी जीर्णोद्धार म्हणणार नाही.

घडणीची रीत जपली तर बोट तीच राहते, याचा भक्कम पुरावा म्हणजे ‘मेडवे क्वीन’. ही क्रूझर नव्हे, १९२४ ची चाकांवर चालणारी प्रवासी आगबोट. तिने डंकर्कच्या सात फेऱ्यांत सुमारे ७,००० सैनिक आणले. नंतर आयल ऑफ वाइटवर ती नाइटक्लब झाली, मग नदीत बुडाली. अखेर तिचा सांगाडा इतका गंजला होता की ब्रिस्टलच्या गोदीत तिचे लोखंडी अंग जवळजवळ पूर्ण नवे बांधावे लागले. पण ते जोडले गेले रिव्हेटांनीच. वेल्डिंग सोपे आणि स्वस्त पडले असते. रिव्हेट तापवून ठोकणारे हात ब्रिटनमध्ये जवळजवळ नाहीसे झाले होते, ते या कामासाठी पुन्हा तयार करावे लागले. २०१३ साली जहाज जिलिंगहॅमला परतले. त्यात मूळचा पत्रा किती उरला हे मोजत बसणाऱ्याला ते खोटे वाटेल. मला त्यात एक हरवलेला धंदा परत मिळाल्याचे दिसते. आणखी जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज बांधले गेले आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरले. १९९० पासून दहाएक वर्षे इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे त्याची दुरुस्ती चालली, आणि आजही ते तिथे पाण्यावर तरंगते आहे. त्यात मूळ सागवान पुष्कळ आहे. सागाचे लाकूड तेलकट असल्याने टिकले, हे खरे. पण ते इतकी वर्षे कामात आणि पाण्यात राहिले, दुरुस्त होत राहिले, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप वस्तुसंग्रहालयांकडून येतो. वापरात झीज होते, अपघात होतात, म्हणून काही बोटी तरी आहेत तशा जपल्या पाहिजेत. हे मला मान्य आहे. डंकर्कला गेलेल्यांपैकी सर्वांत लहान समजली जाणारी ‘टॅमझिन’, सुमारे १५ फुटांची उघडी मासेमारी बोट, लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. ती तिथेच असावी. पण ४० फुटांची, दोन इंजिनांची, केबिनची क्रूझर अशा दालनात ठेवणे ना जागेला परवडते ना पैशाला. आणि छपराखाली सगळे सुखरूप असते असेही नाही. मे २०२१ मध्ये टेम्सवरच्या प्लॅट्स आयट बेटावर जुन्या बोटशाळेला आग लागली, तिच्यात ‘लेडी गे’ आणि ‘लेझी डेज’ या डंकर्कच्या दोन नौका गेल्या. धोका कमी करायचाच असेल तर तो कामाच्या रीतीने करावा. हात लावण्याआधी बोटीच्या रेषा मापून नकाशे काढावेत, फोटो घ्यावेत, काढलेल्या मूळ भागांतला एकेक नमुना ठेवावा, नव्या लाकडावर साल कोरावे. इंजिनाच्या बाबतीत तर मी बदलाच्या बाजूने आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने बोट माणसांसकट जाते. तिथे डिझेल बसवण्यात इतिहासाचा द्रोह नाही. लाइटोलर यांची ‘सनडाउनर’ तरी मूळची कुठे होती? १९१२ साली नौदलासाठी वाफेवर चालणारी म्हणून बांधलेली ती बोट त्यांनी विकत घेऊन १९३० च्या सुमारास मोटरवर चालणारी केली होती. डंकर्कला गेली तीच मुळी बदललेली बोट.

तिसरा आक्षेप जरा खोल आहे: या बोटी सांभाळून आपण दंतकथाच सांभाळत नाही का? लोकांच्या मनात चित्र असते ते हौशी मालकांनी सगळे सैन्य सोडवल्याचे. आकडे वेगळे बोलतात. एकूण ३,३८,२२६ सैनिक परतले. त्यांपैकी २,३९,४४६ बंदरातून, मुख्यतः धक्क्यावरून, मोठ्या जहाजांत चढले. किनाऱ्यावरून निघाले ९८,७८०. बऱ्याच लहान बोटी नौदलाच्या खलाशांनीच नेल्या, मालकांनी नव्हे. हे सगळे खरे. तरी चालती बोट दंतकथेला खतपाणी घालते हे मला पटत नाही. उलट तीच सत्य दाखवते. अशा क्रूझरच्या मागच्या मोकळ्या जागेत २० माणसे उभी केली तर ती किती डुचमळते, जाळीच्या शिडीवरून मोठ्या जहाजावर चढवायला किती वेळ लागतो, किती कमी पाण्यात ती जाऊ शकते, हे पाण्यावरच कळते. ते पाहिलेल्या माणसाला ९८,७८० हा आकडा केवळ आकडा राहत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांसाठी ही बोट फक्त पहिला अर्धा मैल होती हेही उमजते.

२०२५ साली, पंचाऐंशीव्या वर्षी, साठहून अधिक बोटी रॅम्सगेटहून निघून डंकर्कला गेल्या. त्यांतली प्रत्येक केव्हा ना केव्हा दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढलेली असते, आणि प्रत्येकीच्या नशिबी ती एक रात्र येते. बराच काळ कोरडी राहिलेली बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकवून हळूच पाण्यात उतरवतात, पण पट्टे सोडत नाहीत. फळ्या अजून आक्रसलेल्या असतात. पाणी सांध्यांतून आत येऊ लागते, आणि तळाशी दोन पंप धडधडत राहतात. बाहेर काढलेल्या पाण्याची धार आधी जाड असते. सुतार कंदील घेऊन तळाच्या फळ्या उचलून बघतो, कुठल्या सांध्याला अजून वात ठासायला हवी ते खडूने खुणावतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर महॉगनी पाणी पिऊ लागते. पंप थांबून थांबून चालू होतो. पहाटेपर्यंत तो बराच वेळ शांत राहू लागला की मगच क्रेनवाल्याला पट्टे सोडायला सांगतात.