उंबरातला करार

मंडळी, उंबर फोडलं की केंबरं उडतात, हे आपल्या सापगाव पट्ट्यात पोरासोरांनाही ठाऊक. पण ती घाण नव्हे. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. गांधीलमाशीच्या कुळातली इवलीशी मादी आत शिरते, पराग पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. या कुळातल्या झाडांचा आणि माश्यांचा हा करार सात-आठ कोटी वर्षांचा.

त्यात लबाडीही आहे. काही माश्या बाहेरूनच नळी खुपसून अंडी घालतात, पराग शून्य! झाडावरच्या लाल मुंग्या त्यांना हुसकावतात. १९८१ साली अ‍ॅक्सलरॉड आणि हॅमिल्टन यांनी सहकार्य कसं टिकतं हे मांडताना हेच कूळ घेतलं. माशीनं पराग न देता बहुतेक फुलं अंड्यांनी भरली, तर झाड ते फळ कच्चंच गाळतं. फसवणाऱ्याला किंमत मोजावी लागते, म्हणून करार टिकतो.

माशीचं आयुष्य मात्र एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला दुसरा उंबर गाठायचा असतो. रस्त्याकडेचे उंबर एकेक करून गेले, तर ती जाणार कुठं? आणि उंबर फळला नाही तर पाखरं, वटवाघळं, माकडं खाणार काय? ग्रामसभेत झाडतोडीचा विषय निघाला की एवढंच विचारा: जवळचा दुसरा उंबर कुठाय?