अभिलेख पाहणी, महानगरपालिकेतील

पालिकेच्या कामाच्या फायली नागरिकांना कार्यालयात बसून स्वतः वाचता याव्यात, यासाठीची सोय. पुणे महानगरपालिकेने 2009 पासून दर सोमवारी दुपारी 3 ते 5 ही वेळ तिच्यासाठी राखली. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तोच वार नि तीच वेळ लावून दिली. मंत्रालयातल्या फायली त्यात आल्या नाहीत.

कायद्याचा आधार आधीपासूनच होता. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 प्रमाणे दस्तऐवज पाहणे, टिपणे काढणे, नमुने घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. कलम 4 तर सतरा बाबी न मागता प्रसिद्ध करायला सांगते. व्यवहारात मात्र अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 30 दिवसांची वाट आणि शेवटी हाती भलताच कागद, असे पुष्कळदा होते. नेमके काय मागायचे हेच अर्जदाराला ठाऊक नसते. ते फाइल उघडल्यावर कळते. रस्त्याच्या कामाच्या फायलीत टिपणीवर कनिष्ठ अभियंत्यापासून वरपर्यंतचे शेरे असतात. कोणाच्या टेबलावर ती किती दिवस पडून होती, हे तारखाच सांगतात. पुढे निविदा, कार्यादेश. सर्वांत बोलकी मोजमाप पुस्तिका: ठेकेदाराला किती लांबी-रुंदीचे पैसे दिले ते तीत लिहिलेले असते, आणि टेप घेऊन गल्लीत गेले की पडताळा घेता येतो.

लोकसहभागाच्या इतर तरतुदींचे नशीब एवढे चांगले नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने (अंमल 1 जून 1993) तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. 2009 मध्ये राज्याने मतदारांच्या क्षेत्रसभा कायद्यात घातल्या. त्या बहुतांशी कागदावरच राहिल्या. स्वतःलाच जाब विचारणारी सभा कोणता नगरसेवक हौसेने बोलावेल? सोमवारला कोणाच्या निमंत्रणाची गरज नसते. मार्च 2022 मध्ये पुणे व मुंबईत नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले आणि सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. तेव्हा या दोन तासांचे मोल वाढले.

सोय परिपत्रकाच्या जोरावर चालते, हा तिचा कच्चा दुवा. ‘संबंधित लिपिक रजेवर आहेत’ असे उत्तर मिळाले, की नागरिकाला पुन्हा रीतसर अर्जाकडेच वळावे लागते. दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये हा अधिकाऱ्यांवरील दंडाचा धाक अर्जापुरताच आहे.