महाजनांचा अहवाल, निजलिंगप्पांची डायरी

मी बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो, निवृत्तीनंतर बंगळुरूला स्थायिक झालो. ‘महाजन’ हे नाव त्यामुळे दोन्हीकडून ऐकलं आहे. तिकडे मराठी घरांत ती शिवी, इकडे शेवटचा शब्द.

मेहरचंद महाजन 1954 मध्ये सरन्यायाधीश होते. 1966 च्या ऑक्टोबरात त्यांचा सीमा आयोग नेमला गेला, 1967 च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. बेळगाव म्हैसूर राज्यातच. निपाणी, खानापूर धरून 264 गावं महाराष्ट्राला, 247 म्हैसूरला. महाराष्ट्राने तो फेटाळला. हे आपल्याला पाठ आहे.

पण माणूस? 1947 मध्ये ते रॅडक्लिफच्या पंजाब सीमा आयोगावर होते. त्याच ऑक्टोबरात आमची फौज विमानाने श्रीनगरला उतरली, तेव्हा काश्मीरचे पंतप्रधान तेच! त्यांचं ‘लुकिंग बॅक’ हे आत्मचरित्र 1963 चं, म्हणजे त्यात बेळगाव येणंच शक्य नाही. अहवालानंतर चार महिन्यांत, डिसेंबर 1967 मध्ये ते गेले. मागे वळून लिहायला सवडच मिळाली नाही.

म्हैसूरचे तेव्हाचे मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा मात्र डायरी लिहायचे. 1969 च्या काँग्रेसफुटीसाठी अभ्यासक ती उघडतात. सीमाप्रश्नासाठीही आपल्यापैकी कुणीतरी त्यांचे कागद धुंडाळावेत. सरकारी फायलीत निर्णय सापडतो. आधीची घालमेल खाजगी दप्तरात.

महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पुढच्या भागात वसंतराव नाईकांची बाजू पाहू.