लाईटवाले बूट

१९९५ सालच्या दिवाळीत मला बूट मिळाले. शाळेचे काळे नव्हेत. पांढरे, बाजूला लाल पट्टा, आणि टाच आपटली की तळाशी लाल दिवा लुकलुकायचा. मी तेव्हा चौथीत होतो. कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीत असे बूट एकाच पोराकडं होते. तो ते घालून खेळायला यायचा नाही, नुसता दाखवायला यायचा. गणपतीपासून मी आईच्या मागं भुणभुण लावली होती.

अशा बुटांना आता सगळे स्नीकर म्हणतात. आम्ही म्हणायचो लाईटवाले बूट. स्नीकर हा शब्द अमेरिकेतला. इंग्रजीत स्नीक म्हणजे चोरपावलांनी जाणं. चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करायची युक्ती शोधली, पुढं त्या रबराचे तळ कापडी बुटांना लागले, आणि हे बूट चालताना वाजत नाहीत म्हणून त्यांना ते नाव पडलं. आमच्या गावाकडची रीत याच्या उलटी. तिथं मानाच्या माणसाच्या वहाणा करकर वाजल्याच पाहिजेत. टाचेत दिवा घालायची टूम १९९२ च्या सुमाराला एल. ए. गिअर या अमेरिकी कंपनीनं काढली, आणि दोन-तीन वर्षांत तिच्या नकला आपल्याकडच्या फुटपाथवर आल्या. माझे बूट त्यातलेच एक.

ते आणायला आबा मला ठाण्याच्या बाजारात घेऊन गेले. कोपरखैरण्याला तेव्हा लोकल नव्हती, ती आली २००४ साली. बसनं गेलो. दुकानदारानं तीनशे सांगितले, आबांनी दोनशे चाळीसला सौदा तोडला. पैसे मोजताना त्यांचे ओठ हलत होते. ते रुपये मोजत होते की गोण्या, कुणास ठाऊक.

आबा माथाडी कामगार. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. आमचं गाव जावळी तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. पाऊस पडला तर नाचणी, नाहीतर उपास. सातारा जिल्ह्यातली अशी किती माणसं मशीद बंदरच्या गोदामांत गोण्या वाहायला गेली त्याला गणती नाही. एकेका खोलीत वीस-वीस जण राहायचे, खाणावळीत जेवायचे आणि शिमग्याला गावी यायचे. मजुरी व्यापाऱ्याच्या मर्जीवर असायची. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना एकत्र केलं, मोर्चे काढले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळात नाव नोंदलं की पगार मंडळातून हातात पडू लागला. फंड आला, भरपगारी रजा आली, आणि दिवाळीला बोनस आला. माझे बूट त्या बोनसचे. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा वाटायचं, मी रडलो म्हणून मिळाले.

नव्वदीच्या सुरुवातीला दाणाबंदर मुंबईतून वाशीला आलं. त्याच्यामागं माणसं आली. सिडकोनं बांधलेल्या छोट्या घरांतलं एक आम्हाला मिळालं, आणि आई नि मी गाव सोडून आलो. ज्या जमिनीवर ती घरं उभी राहिली, तिथं आधी आगरी-कोळ्यांची भातखाचरं नि मिठागरं होती. १९७० साली सिडको आली नि ९५ गावांची जमीन शहरासाठी घ्यायची ठरली. १९८४ च्या जानेवारीत जासईकडं मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागं रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात पाच शेतकरी गेले. माझ्या बाकावरचा मित्र कोपरखैरणे गावातलाच होता. त्याचा आजा आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगायचा, इथं आमचा बांध होता. मी त्याच बांधावर टाच आपटून दिवा लावून दाखवत होतो.

भाऊबीजेनंतर बाजार उघडला. आबांचा डबा घरी राहिला होता, तो घेऊन मी चुलत्याबरोबर मार्केटात गेलो. आबा ट्रकला लावलेल्या फळीवरून गोणी घेऊन चढत होते. मला बघितलं, गोणी टाकली आणि आख्ख्या टोळीला हाक मारली. मग मला म्हणाले, “चालून दाखव.”

मी चाललो. गोदामातल्या अंधारात टाच आपटत चाललो. माणसं खो खो हसायला लागली.

“आरं, पायात दिवं लावल्याती व्हय!”

“लायटी गेल्या की ह्यालाच म्होरं घालू.”

एक म्हातारा हमाल खाली बसला आणि बोटानं बुटाची टाच दाबून बघायला लागला. मी मान खाली घातली, तेव्हा मला सगळ्यांचे पाय दिसले. सगळे अनवाणी. टाचांच्या भेगांत गव्हाची धूळ भरलेली. आबांचेही तसेच.

रात्री आई त्यांच्या टाचांना कोकमाचं तेल गरम करून चोळत होती. मी विचारलं, “आबा, तुम्ही का न्हाई घालत बूट?”

“फळीवर पायतान सरकतं. पायाला फळी कळाय पायजे,” ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

चैत्रात गावच्या जत्रेला मी ते बूट घालून गेलो. आजीनं निरखून बघितलं. म्हणाली, “तुझा बा सातवीपत्तर शाळंला गेला, पर पायतान न्हवतं त्येला. मुंबैला गेला तवा टायरच्या चपला घेतल्या.” देवळाच्या पायरीशी बूट काढायची वेळ आली तेव्हा मी रडलो. शेवटी आजी ते पदराखाली धरून बाहेर बसली आणि तिनं देवाला तिथूनच हात जोडले.

पावसाळ्यात दिवा विझला. बूट आखूड झाले, धाकट्या चुलतभावाला गेले.

आबा निवृत्त झाले त्या वर्षी मी त्यांना सकाळी फिरायला चांगले स्नीकर घेऊन दिले. नको-नको म्हणत त्यांनी ते घातले. नाडी मी बांधली. मग ते उठले, घरातच दोन पावलं चालले, टाच जमिनीवर आपटली आणि वाकून मागं बघितलं.

“ह्यात दिवा न्हाई व्हय रं?”