वरच्या सभागृहात आपलं खातं शून्य

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८. मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. कामगाराचे दुश्मन दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी इथंच सांगितलं. आपल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, धडाधडा सांगंल. पण तेव्हा बाबासाहेब मुंबई विधानसभेत आमदार होते, आणि त्या विधानसभेच्या डोक्यावर दुसरं एक सभागृह बसवलेलं होतं, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मी मांडतो.

१९३५ च्या कायद्यानं मुंबई प्रांताला दोन सभागृहं दिली. खालच्या विधानसभेत १७५ जागा, त्यात आपल्यासाठी राखीव १५. वरच्या विधान परिषदेत जास्तीत जास्त ३०. सर्वसाधारण २०, मुसलमान ५, युरोपियन १, उरलेल्या गव्हर्नरनं नेमायच्या. आपल्या नावावर शून्य. मतदार कोण? ज्याच्याकडं मालमत्ता, ज्याच्याकडं पदवी-पदव्या. त्याच १९३८ साली संपाचा हक्क आवळणारं विधेयक आलं. खाली बाबासाहेब तुटून पडले, ७ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, तरी कायदा झालाच. वर तर आपला माणूस उभा राहायला राखीव अशी एक खुर्चीही नव्हती.

इंग्रज गेला. खुर्ची आली का? आज महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना आहेत. परिषदेत ७८ जागा, राखीव एकही नाही. राज्यसभेतही नाही. परिषदेचे ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतो. मी गिरणीत उभा राहतो, रात्री पुस्तकं वाचतो, पण पदवी नाही म्हणून पदवीधर मतदारसंघात मी माणूसच नाही. शिक्षकांतही मत माध्यमिकच्या वरच्यांना. वस्तीतल्या पोरांना अ-आ-ई शिवणाऱ्या, चुकलो, शिकवणाऱ्या प्राथमिकच्या मास्तराला नाही. नेमणुकीच्या यादीत साहित्य, कला, विज्ञान, समाजसेवा यांच्या पंगतीला सहकार चळवळ बसवलीय. ती कुणासाठी, हे नाशिक-नगरच्या माणसाला सांगायला नको.

आणि एवढं करून या सभागृहाची ताकद काय? साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना अडवायचं. पैशाचं विधेयक चौदा दिवस. मारायचा अधिकार नाही. राज्यांतलं हे दुसरं सभागृह म्हणजे निव्वळ प्रयोग, असं बाबासाहेबांनीच १९४९ मध्ये घटना समितीत सांगितलं होतं. ते बंद करायची वाटही घटनेत ठेवली. बंगालनं १९६९ ला, तामिळनाडूनं १९८६ ला ते बंद केलंसुद्धा.

दक्षिण आफ्रिकेत तर दुसऱ्या सभागृहाचं हत्यारच केलं. १९३६ साली केपमधल्या काळ्या मतदारांना सर्वसाधारण यादीतून काढलं आणि बदल्यात सिनेटमध्ये चार प्रतिनिधी दिले. चारही गोरे. पुढं मिश्रवर्णीयांचं मत काढायला दोन-तृतीयांश बहुमत जमेना, तर १९५५ मध्ये सिनेटच फुगवली. ४८ ची ८९ केली. १९५६ ला काम फत्ते.

मग बाबासाहेब राज्यसभेत का गेले, असं कुणीतरी विचारणारच. १९५२ ला उत्तर मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना पाडलं. जागा राखीव, पण मतं सगळ्यांची. १९५४ ला भंडाऱ्यात पुन्हा तेच. १९५२ लाच खालचं दार असं बंद केल्यावर ते वरच्या सभागृहात गेले होते, पण गप्प बसले नाहीत. १९५३ ला आंध्र राज्याच्या विधेयकावर सरकारला तिथंच झोडपलं. त्यानंतर आपले किती पुढारी एका परिषदेसाठी कुणाकुणाच्या बंगल्यावर चकरा मारत बसले, त्यांची नावं तुम्हीच मोजा. दुसऱ्याच्या आमदारांच्या मतावर मिळालेली खुर्ची दुसऱ्याच्या इशाऱ्यावरच हलते.

२७ जुलै १९७८ ला विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हींनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. एकमतानं. विरोधात एक हात वर झाला नाही. आणि लगोलग मराठवाड्यात आपली घरं पेटली. दोन्ही सभागृहांचा तो ठराव सोळा वर्षं कागदावर पडून होता. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही मागं मराठवाडा ठेवून.